दुर्बिणीच्या नळीवरचे नाव

पितळेची एखादी जुनी हात-दुर्बीण हातात घ्यावी. मिटलेली असता ती वीत-दीड वीत लांबीची, एका हातात सहज मावणारी वस्तू असते. ओढली म्हणजे नळीतून नळी अशा तीन नळ्या बाहेर येतात आणि ती पाहता पाहता हात-दीड हात लांब होते. बाहेरच्या जाड नळीवर महोगनी लाकडाचे किंवा चामड्याचे वेष्टण असते. आतल्या नळ्या मात्र उघड्या पितळेच्या, वर्षानुवर्षांच्या हाताळणीने गुळगुळीत झालेल्या असतात. आणि अशा असंख्य दुर्बिणींपैकी पुष्कळींवर, डोळा लावावयाच्या बाजूच्या नळीवर, वळणदार इंग्रजी लिपीत दोनच शब्द कोरलेले आढळतात : डॉलंड, लंडन.

या दोन शब्दांचा एके काळी इतका दबदबा होता, की इंग्लंडात 'डॉलंड' हे केवळ आडनाव न राहता हातातल्या दुर्बिणीचेच सामान्यनाम होऊन बसले. आपल्याकडे वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणावे त्यातलाच हा प्रकार. परंतु एखाद्या वस्तूला माणसाचे नाव चिकटले, की ती वस्तू त्या माणसानेच निर्माण केली अशी आपली समजूत होते आणि पुढचा शोध तेथेच थांबतो. डॉलंड नावाच्या बाबतीत हा शोध थांबू न देणे फायद्याचे आहे. कारण या दुर्बिणीचा खरा कर्ता कोण, हा प्रश्न अठराव्या शतकात लंडनच्या न्यायालयात उभा राहिला होता. न्यायालयाने त्याचे उत्तरही दिले. ते कायद्याच्या दृष्टीने पुरेसे होते. इतिहासाच्या दृष्टीने ते पुरेसे आहे का, याचा विचार येथे करावयाचा आहे.

दुर्बिणीच्या जन्माची कथाच मुळी एका नामंजूर अर्जापासून सुरू होते. १६०८ च्या ऑक्टोबरात मिडलबर्ग येथील हान्स लिपरहे नावाच्या चष्मे करणाऱ्या कारागिराने हेग येथे डच सरकारकडे अर्ज केला, की दूरच्या वस्तू जवळ दिसाव्यात असे एक साधन आपण केले आहे, तरी त्याचा मक्ता आपणांस मिळावा. सरकारने साधन पाहिले, ते उपयुक्त असल्याचे मान्य केले, लिपरहेला काम देऊन चांगला मोबदलाही दिला. परंतु मक्ता दिला नाही. कारण थोड्याच दिवसांत आल्कमार येथील याकोब मेटियस याचा तशाच आशयाचा दुसरा अर्ज आला, आणि ही युक्ती आणखीही कोणास ठाऊक असल्याचे कानांवर आले. जी गोष्ट अनेकांना ठाऊक आहे, तिचा मक्ता एकाला कसा द्यावयाचा, असा सरळ विचार त्या सरकारने केला. पुढच्याच वर्षी गॅलिलिओने स्वतः दुर्बीण करून ती आकाशाकडे वळविली आणि त्यानंतरची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. लिपरहेचा अर्ज ज्या कारणासाठी फेटाळला गेला, ते कारण मात्र वाचकांनी लक्षात ठेवावे. दीडशे वर्षांनी तेच पुन्हा पुढे यावयाचे आहे.

त्या पहिल्या दुर्बिणींत एक मोठा दोष होता. बहिर्गोल भिंगातून जाताना प्रकाश वाकतो, परंतु त्यातले सगळे रंग सारखे वाकत नाहीत. निळा अधिक वाकतो, तांबडा कमी. त्यामुळे सगळे रंग एका ठिकाणी येऊन मिळत नाहीत आणि पाहिलेल्या वस्तूच्या कडेला रंगीत झालर दिसते. चंद्राची कोर असो की दूरच्या जहाजाचे शीड असो, त्याची कडा कधी नेटकी दिसावयाची नाही. यावर एक उपाय म्हणजे भिंगाची वक्रता अगदी कमी ठेवून दुर्बीण लांबच लांब करणे. डान्झिगच्या हेवेलियसने दीडशे फूट लांबीची दुर्बीण उंच खांबाला दोरांनी टांगून वापरली. दुसरा उपाय न्यूटनने काढला. भिंगातला हा दोष काढता येण्यासारखा नाही असे त्याचे मत झाले, म्हणून त्याने भिंगाऐवजी आरसा वापरून दुर्बीण केली. वेधशाळेसाठी हे दोन्ही उपाय ठीक होते. परंतु जहाजाच्या डोलत्या फळीवर उभ्या असलेल्या नाविकाला किंवा घोड्यावर बसलेल्या सेनाधिकाऱ्याला दोहोंचाही उपयोग नव्हता. त्याला हातात मावणारी दुर्बीण हवी होती, आणि ती हवी तर भिंगाचा दोष भिंगानेच निघावयास हवा होता. न्यूटनच्या मताला इतके वजन होते, की तसा प्रयत्न करणेही पुष्कळांना व्यर्थ वाटले.

ज्याने प्रथम तो केला तो ना भिंगकार होता, ना प्राध्यापक. चेस्टर मूर हॉल हा एसेक्स परगण्यातला एक सुखवस्तू वकील होता. माणसाच्या डोळ्यात निरनिराळे द्रव असूनही आपल्याला वस्तूंच्या कडा रंगीत दिसत नाहीत. तेव्हा दोन निरनिराळ्या जातींच्या काचा एकत्र जोडल्या तर एकीचा दोष दुसरी घालवील, असे त्याला सुचले. डोळ्याविषयीचे त्याचे गृहीत बरोबर नव्हते. डोळ्यातही हा दोष असतोच. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर निघाला, असा चमत्कारिक योग! खिडक्यांना वापरतात त्या जातीच्या क्राउन काचेचे बहिर्गोल भिंग आणि शिसे घालून केलेल्या जड, चकचकीत फ्लिंट काचेचे अंतर्गोल भिंग अशी त्याने जोडी योजिली. हे १७३० च्या आसपासचे होय.

आपली युक्ती फुटू नये म्हणून हॉलने एक खबरदारी घेतली. एक भिंग त्याने लंडनच्या एडवर्ड स्कार्लेट या भिंगकाराकडे करावयास टाकले आणि दुसरे जेम्स मान याच्याकडे. दोघांनाही दुसऱ्या भिंगाचा पत्ता लागू दिला नाही. परंतु त्या काळी लंडनच्या नामांकित दुकानांतले पुष्कळसे काम दुकानात होतच नसे. ते गल्लीबोळांतल्या लहान कारागिरांकडे मजुरीने दिले जाई. स्कार्लेटने आपले काम जॉर्ज बास नावाच्या कारागिराकडे पाठविले, आणि मानने आपले काम पाठविले तेही बासकडेच! कचेरीत काम करणाऱ्यांना यात नवल वाटू नये. दोन विभागांतून अत्यंत गुप्त म्हणून निघालेले दोन कागद शेवटी एकाच कारकुनाच्या मेजावर येऊन पडतात हा अनुभव आपणांपैकी अनेकांचा असेल. दोन्ही भिंगे एकाच गृहस्थासाठी आहेत आणि एकीची खोली दुसरीच्या फुगवट्याला बरोबर बसते, हे बासच्या ध्यानात आले. त्याने ती एकमेकींवर ठेवली व त्यांतून पाहिले. कडेची झालर नाहीशी झाली होती.

हॉलने ती भिंगे घेतली, दुर्बीण केली, आणि तो आपल्या उद्योगाला लागला. त्याने निबंध लिहिला नाही, पेटंट मागितले नाही, विक्रीही केली नाही. बास आपल्या ठिकाणी राहिला. अशा प्रकारची भिंगे धंद्यातल्या काही लोकांनी अधूनमधून केली. कल्पना अशा रीतीने वीस-पंचवीस वर्षे कारागिरांच्या गल्लीत जिवंत होती, पण विद्वानांच्या दिवाणखान्यापर्यंत पोचली नव्हती.

या गल्लीतूनच डॉलंड घराणे वर आले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रॉटेस्टंट पंथीयांना दिलेले संरक्षण काढून घेतले, तेव्हा हजारो ह्यूगनॉट कुटुंबे देश सोडून गेली. त्यांतली बरीचशी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात येऊन रेशीम विणू लागली. जॉन डॉलंड याचा जन्म १७०६ मध्ये अशाच एका निर्वासित विणकराच्या घरी झाला. तो स्वतःही मागावरच बसला. पण दिवसभर माग चालवून रात्री गणित, प्रकाशशास्त्र, लॅटिन आणि ग्रीक यांचा अभ्यास करण्याची त्याची हौस विलक्षण होती. त्याचा मुलगा पीटर याने १७५० मध्ये भिंगांचे दुकान काढले आणि दोन वर्षांनी, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बापाने माग सोडून मुलाच्या दुकानात पाऊल टाकले. ज्या वयात माणसे निवृत्तीचे हिशेब करू लागतात, त्या वयात या गृहस्थाने नवा धंदा धरला!

आरंभी जॉन डॉलंड न्यूटनच्याच पक्षाचा होता. रंगदोष घालविता येईल असे ऑयलर या मोठ्या गणितज्ञाने प्रतिपादन केले, तेव्हा डॉलंडने त्याला विरोध केला. परंतु स्वीडनमधील क्लिंगेनस्तीर्ना याने न्यूटनच्या मतातील विसंगती दाखविल्यावर डॉलंडने वाद थांबवून प्रत्यक्ष प्रयोगांना हात घातला. पाण्याने भरलेल्या पाचरीत काचेचा लोलक बुडवून त्याने प्रकाशाचे वाकणे आणि रंगांचे फाकणे निरनिराळे मोजून पाहिले, आणि न्यूटनचे मत चुकीचे असल्याची १७५७ मध्ये आपली खात्री करून घेतली. मग क्राउन व फ्लिंट या काचांचे परस्परांशी प्रमाण ठरविले. १७५८ मध्ये त्याचा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला, त्याला सोसायटीचे कॉप्ली पदक मिळाले, आणि त्याच वर्षी चौदा वर्षांच्या मुदतीचे पेटंटही मिळाले. १७६१ मध्ये तो सोसायटीचा सदस्य झाला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अकस्मात वारला. आपल्या निबंधात त्याने हॉलचे नाव घेतले नव्हते. फ्लिंट काचेचा हा गुण त्याला बासकडूनच कळला होता, असे त्याच्या विरोधकांचे पुढे म्हणणे पडले.

बाप हयात असेतोवर पेटंटचा बडगा कोणावर उगारला गेला नाही. मुलगा पीटर मात्र निराळ्या घडणीचा, पक्का व्यवहारी होता. त्याने भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन पेटंट आपल्या एकट्याच्या हाती आणले, आणि ही भिंगे करून विकणाऱ्या लंडनच्या भिंगकारांना एकामागून एक न्यायालयात खेचण्यास प्रारंभ केला. जुना भागीदार फ्रान्सिस वॉटकिन्सदेखील यातून सुटला नाही. तेव्हा १७६४ मध्ये शहरातील पस्तीस भिंगकारांनी एकत्र येऊन प्रिव्ही कौन्सिलकडे अर्ज केला, की ही युक्ती डॉलंडची नसून त्याच्या फार पूर्वी हॉलने काढलेली आहे, ती धंद्यात आधीपासून ठाऊक आहे, सबब पेटंट रद्द व्हावे. पाहा, लिपरहेच्या वेळचाच मुद्दा : जे अनेकांना ठाऊक आहे त्याचा मक्ता एकाला का? पण हेगमध्ये जो मुद्दा टिकला तो लंडनमध्ये टिकला नाही. अर्ज निष्फळ ठरला. १७६६ मध्ये चॅम्प्नीझ या भिंगकाराविरुद्धचा दावा डॉलंडने जिंकला आणि वाद कायद्याने मिटला.

न्यायालयाची विचारसरणी अशी होती : हॉलने ही गोष्ट आधी शोधली असेलही, पण त्याने ती आपल्या मेजाच्या खणात कुलूप लावून ठेवली. लोकांना तिचा लाभ डॉलंडने करून दिला. तेव्हा पेटंटचा लाभ खणात ठेवणाऱ्याला नव्हे, बाहेर आणणाऱ्याला व्हावा. पेटंटच्या कायद्यात हा दाखला पुढे वारंवार दिला गेला. आणि यातले तत्त्व पाहिले तर त्यात खोट काढणे कठीण आहे. उत्तम सूचना सुचली आणि खणात पडून राहिली, तर तिचा जगाला काय उपयोग? जॉन डॉलंडने केलेले प्रयोग खरे होते. कारागिरांना जे हाताने जमत होते त्यामागचा नियम त्याने मोजमापाने सिद्ध केला, उघड लिहिला, आणि प्रत्येक दुर्बिणीत तो पुन्हा पुन्हा उतरेल अशी व्यवस्था केली. हे श्रेय त्याच्यापासून कोणी हिरावून घेऊ नये.

परंतु न्यायालयासमोर ज्या दोन व्यक्तींची तुलना झाली त्या म्हणजे वकील आणि पेटंटधारक. एकाने कल्पना कुलपात ठेवली, दुसऱ्याने ती बाजारात आणली. या मांडणीत तिसऱ्याला जागाच उरली नाही. जॉर्ज बासने काहीच कुलपात ठेवले नव्हते. त्याच्याजवळ कुलूप लावण्याजोगे मेजही असेल की नाही कोण जाणे. त्याने भिंगे घासली, जोडून पाहिली, आणि धंद्यातल्या इतरांना जे दिसले ते सांगितले. कल्पना खणात होती हे न्यायालयाचे म्हणणे हॉलपुरते खरे आहे. बासच्या बाबतीत ती अनेक वर्षे उघड्यावर होती. फक्त ती ज्या ठिकाणी उघडी होती, त्या ठिकाणाला 'लोक' म्हणण्याची त्या काळच्या कायद्याची रीत नव्हती. लेख प्रसिद्ध करणे म्हणजे जगाला सांगणे. शेजारच्या कारागिराला दाखविणे म्हणजे जगाला सांगणे नव्हे. या एका भेदावर पस्तीस भिंगकारांचा अर्ज बुडाला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा वाद घरातही शिरला. जेसी रॅम्सडेन हा त्या काळातला कदाचित सर्वांत कुशल उपकरणकार होता. वर्तुळावर अंशांच्या सूक्ष्म खुणा यंत्राने पाडण्याची त्याची युक्ती नौकानयनाला इतकी उपयोगी पडली, की तिच्याबद्दल रेखांश मंडळाने त्याला पारितोषिक दिले. याच रॅम्सडेनने पीटर डॉलंडची बहीण सारा हिच्याशी लग्न केले होते, आणि पेटंटमधला एक हिस्सा त्याला विवाहाबरोबर मिळाला असे सांगतात. तरीही १७८९ मध्ये त्याने रॉयल सोसायटीला लिहून कळविले, की या शोधाचे मूळ श्रेय हॉलकडे जाते. पीटरने त्याच वर्षी आपल्या वडिलांच्या बाजूने एक निवेदन तयार करून उत्तर दिले. सासरा वारून अठ्ठावीस वर्षे आणि पेटंटची मुदत संपून सतरा वर्षे झाली होती. यात पैशाचा प्रश्न राहिला नव्हता. प्रश्न होता तो केवळ नळीवरच्या नावाचा. मेव्हण्या-मेव्हण्यांत तो इतक्या उशिरा पेटावा यावरूनच त्याची धार लक्षात येते.

१७७२ मध्ये मुदत संपल्यावर हा माल करण्यास सर्वांना मोकळीक झाली; पण तोवर डॉलंड हे नाव पक्के रुजले होते. आणि पीटरच्या कर्तबगारीला येथे दाद दिली पाहिजे. पूर्वी हातातल्या दुर्बिणींच्या नळ्या पुठ्ठ्याच्या किंवा लाकडाच्या असत. दमट हवेत त्या फुगत, अडकत, वाकड्या होत. पितळेचा पत्रा साच्यातून ओढून अगदी एकसारख्या व्यासाच्या पातळ नळ्या करण्याची कृती साधल्यावर एका नळीत दुसरी घट्ट पण सहज सरकू लागली. सैन्यासाठी तीन-चार नळ्यांची, खिशात मावणारी दुर्बीण त्यातून निघाली. नाविकांची पसंती मात्र एकाच सरकत्या नळीच्या लांब दुर्बिणीला असे. त्याचे कारण सोपे आहे. दुर्बीण दृश्य जितके मोठे करते, तितकाच हाताचा कंपही मोठा करते. डोलणाऱ्या जहाजावर वीस-पंचवीस पटींनी मोठे केलेले दृश्य डोळ्यांसमोर ठरतच नाही. तेथे पट कमी, पण दृश्याचा आवाका मोठा आणि प्रकाश भरपूर, अशी दुर्बीण बरी. सरळ दृश्य दिसावे म्हणून डोळ्याकडच्या नळीत चार लहान भिंगे बसविलेली असत. नाहीतर दूरचे जहाज शिडे खाली करून पोहताना दिसले असते!

आता या दुर्बिणी हाती धरणाऱ्यांकडे वळू. दोनच प्रसंग पुरे आहेत.

पहिला १८०१ च्या एप्रिलमधला, कोपनहेगनच्या आरमारी लढाईतला. सरसेनापती हाइड पार्कर याने माघारीचा इशारा निशाणांनी फडकविला. नेल्सनला तो कळविण्यात आला. नेल्सनच्या उजव्या डोळ्याची दृष्टी काही वर्षांपूर्वी कॉर्सिकातील लढाईत गेली होती. त्याने दुर्बीण त्याच डोळ्याला लावली आणि आपल्याला काही इशारा दिसत नाही असे सांगून लढाई चालू ठेवली, अशी कथा आहे. दुर्बिणीचा तपशील मागाहून जोडला गेला असे मानणारे इतिहासकार आहेत. पण नेल्सनने आज्ञा मानली नाही आणि लढाई जिंकली, हे निर्विवाद आहे. वरिष्ठांचे परिपत्रक वाचलेच नाही असे म्हणून काम पुरे करणारा अधिकारी यशस्वी झाला तरच त्याची कथा होते, एवढे येथे नमूद करून पुढे जाऊ.

दुसरा प्रसंग आपल्या अधिक जवळचा, आणि वाचताना मनाला टोचणारा आहे. २३ सप्टेंबर १८०३. मराठवाड्यात, आजच्या जालना जिल्ह्यात, असई गावाजवळ केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या दुआबात शिंदे व नागपूरकर भोसले यांची फौज उतरलेली होती. केळणेच्या अलीकडे आर्थर वेलस्ली, पुढे जो ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला तो, बऱ्याच कमी सैन्यानिशी येऊन ठेपला. समोरून नदी ओलांडावी तर तोफांच्या तोंडी जाणे होते. बाजूने कोठे उतार आहे का, असे त्याने आपल्या वाटाड्यांना विचारले. सर्वांनी एकमुखाने सांगितले, की तसा उतार नाही. वेलस्ली एका उंचवट्यावर गेला आणि त्याने दुर्बीण लावली. नदीच्या अलीकडच्या काठावर त्याला एक गाव दिसले आणि बरोबर समोर, पलीकडच्या काठावर, दुसरे. इंग्रजी कागदांत त्यांची नावे पिपळगाव आणि वरूर अशी येतात. दोन गावे नदीच्या दोन काठांवर इतकी समोरासमोर वसली आहेत, त्या अर्थी त्यांचे एकमेकांकडे जाणे-येणे असलेच पाहिजे आणि म्हणून तेथे उतार असलाच पाहिजे, असे अनुमान त्याने केले. उतार निघाला. फौज पलीकडे गेली. त्या दिवशी दोन्ही बाजूंची भयंकर हानी झाली. इंग्रजांकडचेच दीड हजारांहून अधिक लोक मेले किंवा जखमी झाले. पण सायंकाळपर्यंत मराठ्यांची नव्वदांहून अधिक तोफांची संपत्ती शत्रूच्या हाती पडली होती. वॉटर्लू जिंकलेल्या या माणसाने पुढे आयुष्यभर असईलाच आपली सर्वोत्तम कामगिरी मानले, आणि उताऱ्याची ही हकीकत त्याने वृद्धपणी स्वतः सांगितली.

या प्रसंगाचा विचार मनातून लवकर जात नाही. नळीवर नाव कोणाचेही असो, दुर्बिणीने उतार दाखविला नाही. तिने दोन गावे दाखविली. उतार पाहिला तो अनुमानाने. आणि तो उतार काही वेलस्लीने शोधलेला नव्हता. पिपळगावची गुरे पलीकडे चरावयास जात असतील, वरूरच्या लेकी अलीकडे नांदावयास येत असतील. पिढ्यान्‌पिढ्या पायांखालचा तो रस्ता होता. नदीकाठचे ते ज्ञान सर्वांना ठाऊक होते आणि म्हणूनच कोणाच्याही कागदावर नव्हते. इतिहासाच्या पुस्तकात मात्र वेलस्लीने शोधलेला उतार म्हणून त्याची नोंद झाली. बासच्या भिंगांचे लंडनमध्ये जे झाले, तेच आमच्या केळणेच्या उताराचे झाले. ज्यांना ते ठाऊक होते त्यांनी ते कधी लिहिले नाही, आणि ज्याने लिहिले त्याच्या नावावर ते चढले.

मोठ्या नावाचाही काळ असतो. इंग्लंडात १७४५ पासून काचेवर अबकारी कर होता. भट्टीवर सरकारी अंमलदाराची देखरेख असल्यामुळे काचेवर नवे प्रयोग करणे महाग आणि त्रासाचे झाले. दोष नसलेली मोठी फ्लिंट काच ज्याने प्रथम साधली तो इंग्रज नव्हता. तो प्येर ल्वी गिनाँ नावाचा एक स्विस कारागीर होता. वितळलेली काच ढवळत राहण्याची त्याची कृती बव्हेरियात गेली, तेथे फ्राउनहोफरने तिचे चीज केले, आणि भिंगांचे अग्रस्थान लंडनहून जर्मनीकडे सरकले. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला, पण तोवर उशीर झाला होता. डॉलंडचे दुकान मात्र चालत राहिले. १९२७ मध्ये ते एचिसन यांच्या पेढीत मिळाले, आणि चष्म्यांच्या दुकानांची एक मोठी साखळी म्हणून इंग्लंडात आणखी ऐंशी-एक वर्षे ते नाव झळकले. २००९ मध्ये ती साखळी बूट्स कंपनीच्या चष्म्यांच्या शाखेत विलीन झाली आणि पाट्यांवरून डॉलंड हळूहळू पुसले गेले.

पाट्यांवरून पुसले गेले, तरी नळ्यांवरून नाही. या नावाची नक्कल पेटंटच्या काळापासूनच होत आली. कोणी एखादे अक्षर बदलून 'डोलांड' कोरले, कोणी सरळ तेच नाव घातले. आज या नकलेचे एक मोठे ठाणे आपल्याच देशात आहे, हे उत्तरेत बदली होऊन आलेल्या वाचकांना ठाऊक असेल. गंगेच्या कालव्याचे काम सुरू झाले तेव्हापासून रुडकीला कारखाना व अभियांत्रिकीचे महाविद्यालय आले. मोजणीची आणि आरेखनाची उपकरणे करणारे कारागीर त्यांच्याभोवती जमले आणि तो धंदा घरोघर पसरला. त्याच गावातून आज पितळी होकायंत्रे, सेक्स्टंट आणि ओढावयाच्या दुर्बिणी शोभेच्या वस्तू म्हणून परदेशी जातात. त्यांवर लंडनच्या जुन्या पेढ्यांची नावे आणि एखादे जुने साल ठसठशीत कोरलेले असते. दिल्लीच्या एखाद्या दुकानात 'लंडन, १९१५' असे ठळक अक्षरांत लिहिलेली, मुद्दाम काळवंडलेली दुर्बीण कोणी अस्सल म्हणून पुढे केली, तर वाचकांनी सावध असावे. अस्सल जुन्या दुर्बिणीवर कर्त्याची सही बारीक आणि नाजूक असते, आणि साल सहसा नसते.

या नकलेचा कोणाला संताप येईल. तो येण्यापूर्वी आणखी एका माणसाची आठवण करावी. सय्यद मीर मोहसीन हुसेन हा मद्रासेकडून आलेला कारागीर सर्वेक्षण खात्यात एव्हरेस्टच्या हाताखाली होता. लंडनहून आलेली, वाटेत मोडलेली, झिजलेली मोजणीयंत्रे तो दुरुस्त करी, आणि नुसती दुरुस्त करून न थांबता त्यांचे भाग नव्याने घडवी. एव्हरेस्टने त्याच्या कौशल्याची मनापासून शिफारस केली, आणि १८४३ मध्ये खात्याचा उपकरणकर्ता म्हणून त्याची नेमणूक झाली. त्यापूर्वी त्या जागेवर लंडनहून मुद्दाम आणलेला माणूस होता. एव्हरेस्टचे नाव जगातल्या सर्वोच्च शिखराला मिळाले. ज्या यंत्रांनी हिमालयापर्यंतची मोजणी झाली, त्यांच्या पितळेवर मात्र लंडनच्या कारखानदारांची नावे राहिली. ती यंत्रे चालती ठेवणाऱ्या हाताचे नाव खात्याच्या कागदपत्रांत शोधावे लागते.

कचेरीतून बाहेर जाणाऱ्या पत्रावर सही वरिष्ठांची असते. मसुदा ज्याने केला त्याची आद्याक्षरे फाईलमधल्या प्रतीच्या कोपऱ्यात राहतात. यात अन्याय आहे असे सरसकट म्हणता येत नाही. सही करणारा जबाबदारी घेतो, आणि चूक झाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. जॉन डॉलंडने आपल्या निबंधाची जबाबदारी घेतली होती, म्हणून नळीवर त्याचे नाव असणे योग्यच आहे. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने बाहेर गेलेले पत्र वाचून थांबू नये. त्याने फाईल मागवून कोपऱ्यातली आद्याक्षरेही पाहावीत. तेथे बास भेटतो, गिनाँ भेटतो, मीर मोहसीन भेटतो, आणि पिपळगावच्या उतारातून रोज ये-जा करणारी, कोणीही नोंद न केलेली माणसे भेटतात.

आणि रुडकीतल्या एखाद्या खोलीत बसून जो कारागीर आज पितळेच्या नळीवर 'डॉलंड, लंडन' ही अक्षरे कोरीत असेल, त्याचेही नाव त्या नळीवर नसते. ती दुर्बीण कोणी विकत घेतली, तर भिंगातून दूरचे पाहण्याआधी ती कोणत्या हातांनी घडविली हे विक्रेत्याला एकदा विचारून पाहावे. उत्तर बहुधा मिळणार नाही. पण प्रश्न विचारला गेला पाहिजे.